मयताचं काम

उदगीरला शूटिंग आलं तेव्हा
त्यांना एक म्हातारा पाहिजे होता.
बोलायचं काही नाही, नुसतं मरायचं,
दिवसाचे हजार, वर जेवण.
अप्पा घरी विचारायला आलेच नाहीत.
चहा बशीत ओतता ओतता सांगितलं,
सोमवारी मी मरणार आहे,
पांढरं धोतर इस्त्री करून ठेवा.

शिवकांताची भाकरी तव्यावरच करपली.
बिदरहून महानंदाचा फोन,
अण्णा, काय कमी केलंय का आपण त्यांना?
मी अव्वाच्या फोटोकडं पाहिलं. तो हसतच असतो,
कुणाच्या तरी लग्नातला, कापून मोठा केलेला.

आठ महिने आम्ही दोघं
तिसऱ्या माणसातून बोलत होतो.
नळेगाव रोडच्या प्लॉटवर मला त्यांची सही हवी होती.
त्यांना माझ्याकडून काय हवं होतं
ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
"बापाला सांग, नळ आलाय."
"आजोबाला सांग, कळलं."
मधे गुरुलिंग, सातवीतला,
दोन्हीकडची बिस्किटं खात.

सोमवारी तिरडी तयार.
कानाला यंत्र लावलेली पुण्याची पोरगी म्हणाली,
झोपा आजोबा.
आमच्यात झोपवत नाहीत, अप्पा म्हणाले.
म्हणजे?
लिंगायत माणूस बसून जातो, बाई.
झोपायचं ते जिवंतपणी.

डायरेक्टर उन्हात दाढी खाजवत उभा.
मग म्हणाला, भारीये, बसवा.
पण बसवायचं कशात?
सगळ्या मोंढ्यानं माझ्याकडं पाहिलं.
श्री वीरभद्र मंडप डेकोरेशन माझंच.
गोदामात एकच खुर्ची शिल्लक होती,
नवरदेवाची, लाल मखमल, हाताला सोनेरी सिंह.
सिंहांना पांढरं कापड गुंडाळलं, बांबू आवळले,
झेंडू लावला.
सवयीनं झुरमुळ्याही लावणार होतो.

खांद्याला चौघं हवे, एकाला ताप.
पोरीनं माझं मनगट धरलं,
काका, तुमची उंची जुळते.

चाळीस वर्षं मापाडी होता हा माणूस.
तूर, हरभरा, करडई. पोत्याला नुसता हात लावून
काट्याच्या आधी सांगायचा.
एक कधी म्हणाला नाही. पहिलं माप लाभ,
मग दोन, मग तीन.
उचललं, तर मला वाटलं
रिकामी खुर्चीच उचललीय,
बसवायचं राहून गेलं.

टेक वन, पाटी वाजली.
मयत पुटपुटलं, लाभ.
कट.
पुन्हा. रडणारी नटी छाती बडवत आली,
मयताच्या नाकावर माशी. सोसली.
पण चौकात वळताना, ओठ न हलवता,
आठ महिन्यांत पहिल्यांदा थेट मला,
वैजनाथ, डावी बाजू खाली चाललीय.
मी म्हणालो, हो अप्पा.
कट, कट! मयताशी कोण बोललं?
दोरीमागं शिवकांता. अपशकुन म्हणून येणार नव्हती.
पदर तोंडात कोंबून रडत होती का हसत,
अजून सांगत नाही.

सहाव्या टेकला झालं.
पाकिटातल्या नोटा अप्पांनी मोजल्या,
लाभ, दोन.
दोनच होत्या.
एक गुरुलिंगला. एक माझ्यापुढं, खुर्चीचं भाडं.
मी घेतली. नको म्हणायला पाहिजे होतं.
प्लॉटचं त्या रात्रीही निघालं नाही.

सिनेमा उदगीरला लागलाच नाही.
दीड वर्षानं लातूरला, तीनचा खेळ,
महानंदा डबा घेऊन आलेली,
आम्ही पाचजण एसीत कुडकुडत.
मध्यंतर झालं, दाणे संपले,
आणि आला आमचा चौक,
माझा खांदा, त्यावर बांबू, वर ते,
कपाळभर विभूती, डोळे मिटलेले,
चांगले चार सेकंद.
शेजारी पाहिलं. इथंही मिटलेले,
मान छातीवर.
अंधारात मी हळूच
नाकाखाली बोट धरलं.
गरम लागलं.
पलीकडून शिवकांतानं कोपरानं ढोसलं,
उठवा की हो अप्पांना,
तिकडं वारले ते!